वाढीव हमी

आमच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये कुठेही न लिहिलेला एक नियम होता. चीफसाबांना बाजूने नमस्कार करायचा नाही, आणि केलाच तर उत्तराची वाट बघायची नाही. नव्या माणसाला हा नियम आल्या आल्या सांगितला जाई. मला कुणी सांगितला नाही. हातात नेमणुकीचा कागद घेऊन मी त्यांच्या बोर्डाच्या डाव्या अंगाला उभी राहिले, "नमस्ते सर" म्हणाले, पुन्हा म्हणाले, आणि ते आपले पट्टी सरकवत रेघा ओढत राहिले. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. शेवटी मी वळसा घालून बोर्डासमोर गेले तेव्हा ते चक्क दचकले.

"कधी आलीस?"

"मघाशीच, सर."

"मग समोर यायचं. बाजूला खांब उभे राहतात."

कारखाना सरकारी होता, तेलुगू मुलखातला, कुकटपल्लीच्या अलीकडे. लेथ, मिलिंग मशीन असली अवजड यंत्रं तिथे बनायची आणि त्यांची ड्रॉइंग्ज आमच्या सेक्शनमध्ये निघायची. ते तिथले चीफ ड्राफ्ट्समन. गेटवरच्या वॉचमनपासून जनरल मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना चीफसाब म्हणत. मीही तेच म्हणू लागले, आणि पुढे त्यांच्या विद्यानगरच्या घरी जाणं-येणं सुरू झाल्यावरही तोंडातून 'काका' कधी निघालं नाही. त्यांच्या बायकोला मात्र मी काकू म्हणायची.

सेक्शनमध्ये मराठी आम्ही दोघंच. ते उदगीरकडच्या शेतकरी घरातले. माझे वडील परभणीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेले. आमच्याकडे मराठी नुसती बोलायची होती. शाळा तेलुगूत झालेली, त्यामुळे वाचताना मी अक्षराअक्षराला ठेचकाळायची. हे कळल्यावर त्यांनी रोज जेवणाच्या सुट्टीत मला मराठी पेपरातला एक मजकूर मोठ्यानं वाचायला लावला. स्वतः डोळे मिटून ज्वारीची भाकरी चावत ऐकायचे. "जोडाक्षराला थांबू नको. तो खड्डा नाही," असं म्हणायचे. आज मी हे लिहू शकते ते त्या भाकरीच्या तासांमुळे.

माणूस विचित्र होता यात शंकाच नाही. वाटेत कुणी स्टूल ठेवलं की ते त्यावर आदळायचे आणि मग स्टुलाला नव्हे, ठेवणाऱ्याला शोधून शोधून झापायचे. सेक्शनच्या जिन्यावर प्रत्येक पायरीच्या काठाला त्यांनी स्वतःच्या हातानं पांढरा पट्टा मारला होता. साहेबानं ब्रश घेऊन जिन्यात बसावं हे लोकांना हसण्यासारखं वाटलं, त्यांना वाटलं नाही. सुट्टीचा भोंगा झाला की एक मिनिट थांबायचे नाहीत. थंडीत तर भोंग्याआधीच पिशवी आवरून बसायचे. कुणाच्या मुलीचं रिसेप्शन असो, कुणाचा निरोपसमारंभ असो, संध्याकाळचं आमंत्रण त्यांनी कधी घेतलं नाही. सकाळी लग्नघरी जाऊन अक्षता टाकून यायचे, तेव्हा तिथे मांडवाचे बांबूसुद्धा उभे राहिलेले नसायचे. छान चालणारी स्कूटर एक दिवस त्यांनी विकून टाकली. कारण विचारलं तर म्हणाले, पेट्रोलचा वास सोसत नाही. तेव्हापासून बसनं येऊ लागले.

आणि याच माणसाचं बोट केसासारखी रेघ ओढायचं. त्यांच्या ड्रॉइंगमधलं एक माप चुकलेलं मी पाहिलं नाही. यंत्राचा समोरून दिसणारा आकार ते बघून काढत. बाजूचा आकार काढताना बघतसुद्धा नसत. "बाजू डोक्यानं बघायची असते," म्हणत.

मग ते दिवस आले. बाजार खुला झाला, बाहेरून यंत्रं येऊ लागली, आमच्या ऑर्डरी आटल्या. सेक्शनमध्ये एक खोली काचेनं बंद करून तिथे थंड हवा सोडली आणि कॉम्प्युटर मांडले. आम्हा तरुणांना शिकायला पाठवलं, पन्नाशीपुढच्यांना स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले. चीफसाबांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि मला म्हणाले, "लागलो तेव्हा सांगितलं होतं, अठ्ठावन्नापर्यंत बघायला नको. आता स्वेच्छा म्हणतात. कुणाची स्वेच्छा?" पण सही केली. सगळ्यांनीच केली. ज्या दिवशी गेले त्या दिवशीही भोंग्याआधी निघाले, त्यामुळे हार तसाच टेबलावर राहिला.

महिना-दोन महिन्यांत बातमी आली की चीफसाबांनी मोटार घेतली. तीही कशी? दोन माणसांची, कापडी टपाची, जमिनीला टेकलेली, पिवळीधमक स्पोर्ट्स कार. जुनी, कुणीतरी वापरलेली. स्कूटर विकणारा, बसनं फिरणारा माणूस! कॅन्टीनमध्ये त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं पैसा डोक्यात गेला, कुणी म्हणालं डोकंच गेलं.

मी रविवारी घरी गेले. गाडी फाटकातून आत घेतलेली, अंगण तिनं भरून गेलं होतं. काकू बाहेर आल्याच नाहीत. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज मात्र बाहेर येत होता. निवृत्तीच्या पैशातून मागं एक खोली बांधायची, भाडेकरू ठेवायचा, असं त्यांच्या मनात होतं. मूलबाळ नव्हतं, का नव्हतं ते मी कधी विचारलं नाही. भाडेकरू आला असता तर घरात तिसरा आवाज झाला असता, एवढंच त्यांना हवं होतं.

"हीच का घेतलीत?" मी विचारलं.

"रोज बसमधून दिसायची. शोरूमच्या पुढच्या रांगेत उभी असायची. हा रंग मला लांबून दिसतो." मग म्हणाले, "जन्मभर उपयोगाच्या वस्तूंची चित्रं काढली. एक बिनउपयोगाची वस्तू चालवून बघावी म्हटलं."

जुन्या गाड्यांचं शोरूम ही तेव्हा नवलाईची गोष्ट होती. तोवर जुनी गाडी ओळखीतून ओळखीत जायची. कुकटपल्लीच्या हमरस्त्यावर हे काचेचं दुकान निघालं होतं. तिथे गाड्या धुऊनपुसून ठेवत, टाय लावलेली मुलं 'सर, सर' करत, आणि जुन्या गाडीवरही हमी देत. पहिला महिना फुकट. त्या महिन्यात पैसे भरले तर दोन वर्षांची वाढीव वॉरंटी. नाही भरले तर पुन्हा मिळणार नाही.

या वाढीव वॉरंटीनं चीफसाबांना पछाडलं. गाडी घेताना त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. आता जो भेटेल त्याला विचारत सुटले. कारखान्यात येऊन युनियनच्या सेक्रेटरीला विचारलं. तो म्हणाला, "लेलो साब, कुछ नै तो उनकी गर्दन पकडने को होता." हिशेबखात्यातले निवृत्त राव म्हणाले, जो हमी विकतो त्याला बिघाड होणार नाही हे पक्कं ठाऊक असतं. सुलतान बाजारातल्या त्यांच्या कापडवाल्यालाही विचारलं. त्यानं रंगाची हमी देतो म्हणून सांगितलं.

अटींचा कागद त्यांनी मलाही दाखवला. अक्षर मुंगीएवढं, पण ते घडाघड वाचत होते.

"बघ. ब्रेक, क्लच, टायर, वायपर, बल्ब यांना हमी लागू नाही. म्हणजे जे झिजतं ते यांचं नाही. जे झिजतच नाही त्याची हमी."

"मग नका घेऊ."

"आपण लेथ विकले. वर्षाची हमी होती. पण दहा वर्षांनी कुणी आला तर त्याला हाकललं का आपण? हमी विकत मागायची म्हणजे तोंडावर सांगायचं, की तुझ्यावर माझा विश्वास नाही."

"मग नकाच घेऊ, चीफसाब. विषय संपला."

विषय संपत नव्हता. ते बोनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "दोन वर्षांनी मी ही गाडी चालवत असेन का?"

मी हसले. "का नाही चालवणार?"

ते हसले नाहीत.

महिना संपायला आला तेव्हा त्यांचं ठरलं. घ्यायची नाही. आणि हे फोनवर न सांगता जाऊन सांगायचं. "नकार समोर जाऊन द्यावा," म्हणाले. मला बरोबर बोलावलं. मी कारखान्यातून रजा घेतली आणि डोक्याला ओढणी गुंडाळून त्यांच्या डाव्या हाताला बसले. सकाळचं ऊन होतं. ते गाडी फार हळू चालवत होते. मागून बसवाले हॉर्न वाजवून वाजवून पुढे जात, पुढे जाताना वळून बघत. चीफसाब दोन्ही हातांनी चाक धरून सरळ समोर बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. आनंद म्हणता येईल असं. मला वाटलं, बरं झालं घेतली गाडी.

एका गल्लीच्या तोंडाशी डावीकडून एक मोपेड आली. मागच्या बाजूला अंड्यांचे ट्रे रचून बांधलेले. चालवणारा मधल्या वयाचा माणूस, हळूच येत होता, आम्ही थांबू असं धरून. दिवसाढवळ्या, रिकाम्या रस्त्यावर, हातभर अंतरावर तो दिसत होता. चीफसाबांनी ब्रेकवर पाय नेलाच नाही. मी किंचाळले तेव्हा त्यांनी दाबला, तोवर मडगार्ड लागलं होतं. मोपेड आडवी झाली, माणूस कोपरावर पडला, आणि अंडी फुटून पिवळा बलक गाडीच्या पिवळ्या दारावरून ओघळायला लागला.

माणसं गोळा झाली. महागाची दिसणारी गाडी, आत पिकल्या केसांचा माणूस आणि शेजारी तरुण मुलगी. लोकांना काय वाटलं असेल ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. अंडेवाला कोपर धरून उठला आणि ओरडला, "दिखता नै क्या? अंधे हैं क्या मियाँ?"

रस्त्यावर रोज कुणीतरी कुणालातरी हे म्हणतच असतं. चीफसाब गाडीतून उतरले. त्याच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हौ. होरा हूँ."

कुणीतरी फिदकन हसलं आणि गप्प झालं. अंडेवाला त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तो फिर गाडी कायकू चलारे साब?"

"अंधा होने तक चलाना बोलके."

त्यांनी आपलं पाकीटच त्याच्या हातात दिलं. त्यानं अंड्यांपुरते पैसे काढले, पाकीट त्यांच्या खिशात नीट परत ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बेटी, इनकू घर लेके जाओ."

पण मला गाडी येत नव्हती. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत मी "डावीकडून रिक्षा, डावीकडून सायकल" असं सांगत राहिले आणि ते चालवत राहिले. पंपाच्या सावलीत गाडी थांबवून त्यांनी हात चाकावरून काढले.

"समोरचं दिसतं," ते म्हणाले. "मुंगी दिसते. बाजूनं म्हैस आली तरी दिसत नाही. ऊन उतरलं की समोरचंही जातं. डॉक्टरनं केव्हाच सांगितलंय, बघायचं भोक लहान लहान होत जाणार आणि मिटणार. औषध नाही. वडिलांचंही असंच झालं."

मला एकदम खूप काही दिसलं. स्टुलं, जिन्यातले पट्टे, भोंग्याआधी आवरलेली पिशवी, आज मला बरोबर घेणं. इतकी वर्षं शेजारी बसून आम्ही त्यांना शिष्ट समजत होतो. "चला घरी," मी म्हणाले.

"नाही. तिथं सांगायचं राहिलंय."

उरलेला रस्ताही मी डावीकडचं सांगत राहिले आणि ते चालवत राहिले. शोरूममध्ये टाय लावलेला तेलुगू मुलगा पळत आला, दारावरचा बलक बघून त्यानं फडका मागवला. चीफसाब त्याच्यासमोर बसले. मला वाटलं, आता गाडीच परत देतील. त्यांनी विचारलं, "गाडी मालकानंच चालवली पाहिजे अशी अट आहे का?"

"नो सर. लायसन्स होना, बस. कोई भी चलाओ."

"आणि तपासणीला आणावीच लागते?"

"तीन महिने में एक बार सर. कंपल्सरी. नै लाए तो वॉरंटी कॅन्सल."

"एकदम कॅन्सल?"

"एकदम सर. आप नै आए तो हम फोन करते. एमंडी सर, गाडी कब लारे पूछते."

"फोन करता तुम्ही?" चीफसाब मराठीतच म्हणाले, आणि खिशातून पेन काढून वाढीव वॉरंटीच्या कागदावर सही केली.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, असं का केलंत? ते गाडीच्या दाराला टेकून उभे राहिले.

"आमचं घर भरलेलं होतं. आंधळा झाला म्हणून वडिलांना कुणी टाकलं नाही. जेवण वेळेवर, अंघोळीचं पाणी वेळेवर. पण त्यांना बाहेर कुणी नेलं नाही. कशाला नेणार? शेतात काम नाही, बाजारात काम नाही. वाईट कुणीच नव्हतं. ओसरीवर बसून बसून गेले." मग म्हणाले, "अमुक दिवशी या, आला नाहीत तर नुकसान होईल, असं म्हणणारं कुणीतरी लागतं गं माणसाला. ते मी आज विकत घेतलं."

शोरूमच्या एका ड्रायव्हरनं त्यांना घरी सोडलं. गाडीत दोनच जागा, म्हणून मी मागून बसनं गेले. पोचले तेव्हा काकू अंगणात उभ्या होत्या आणि चीफसाब त्यांना सगळं सांगून बसले होते. मला वाटलं होतं, त्या कोसळतील. त्या संतापल्या होत्या.

"मला सांगताय डोळ्यांचं? ताट बरोब्बर समोर का ठेवते मी? पाण्याचा तांब्या कधी बाजूला ठेवलाय? लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मला ठाऊक आहे. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." मग माझ्याकडे वळल्या. "आज अंडी फुटली. उद्या कुणाचं डोकं फुटलं असतं. आणि यांना चालवायची होती गाडी!"

त्यांनी हात पुढे केला. चीफसाबांनी किल्ली दिली. काकूंनी ती आत नेऊन तांदळाच्या डब्यात खुपसली. आपल्या गाडीच्या चाकावर चीफसाबांनी पुन्हा कधी हात ठेवला नाही. महिनाभर चालवली, तेवढीच.

पहिल्या तपासणीला भाड्याचा ड्रायव्हर बोलावला. ड्रायव्हर बसला, चीफसाब बसले, जागा संपली; काकू फाटकात राहिल्या. ड्रायव्हर त्यांना वर्कशॉपच्या दारात उतरवून चहाला गेला. चीफसाब जमिनीवरच्या जॅकला अडखळून पडले आणि संध्याकाळी फुटका ओठ घेऊन घरी आले. काकूंनी हळद लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर पदर घेऊन त्या चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेली बाई, सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. शिकवणाऱ्याला वाटलं, सुनेसाठी चौकशी करायला आल्यात.

दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा लायसन्स मिळालं. तोवर एका तपासणीला त्यांनी आपल्या शिकवणाऱ्यालाच गाडी घेऊन पाठवलं, चीफसाबांचा हात एकदाही न सोडण्याची शपथ घालून. त्यानंतर मात्र काकूच. सीटवर दोन उशा, नऊवारीचा काष्टा, उघड्या टपात पदर उडू नये म्हणून कानामागे खोचलेला. सिग्नलला रिक्षावाले ओरडायचे, "अम्मा, रेस है क्या?" काकू समोर बघत राहायच्या. चीफसाब आता त्यांच्या डाव्या हाताला बसत आणि इंजिनाच्या आवाजावरून सांगत, "तिसऱ्यात टाक." "टाकते की!" "रडतंय ते, टाक." विद्यानगर ते कुकटपल्ली दोघं भांडत जात आणि भांडत येत.

त्यांचं दिसणं बांगडीएवढं झालं, मग बटणाएवढं. ते विचारायचे, "इथं डाळमिल होती, वास नाही आला."

"पाडली."

"आता काय आहे?"

"काचेची इमारत."

"आणि पुढं?"

"तिथंही काचच."

वर्कशॉपमध्ये त्यांना एक खुर्ची ठरलेली होती. इंजिन सुरू केलं की ते मान कलती करून ऐकत. तपासणीच्या आदल्या दिवशी दाढी करून घेत, इस्त्रीचा शर्ट काढायला सांगत. बाकीचे दिवस ते खोलीत पडून असत. काकू म्हणायच्या, "नुसतं फाटकापर्यंत चला." ते म्हणायचे, "काय काम आहे?" शोरूममधून फोन आला की मात्र उठून बसत. फोनवरचा मुलगा गाडीबद्दल विचारायचा आणि हे त्याला प्रकृती सांगायचे.

गाडी इमानी निघाली. दोन वर्षांत तिच्यात एकही बिघाड झाला नाही.

मी तेव्हा कारखाना सोडून नव्या एका कंपनीत लागले होते, तिकडेच, काचांच्या भागात. गाडीच्या शेवटच्या तपासणीच्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत शोरूमला गेले. टायवाला मुलगा नोकरी सोडून गेला होता. काउंटरवर एक तरुण मुलगी कॉम्प्युटरसमोर बसलेली. चीफसाबांना आता काही दिसत नव्हतं. काकूंनी त्यांना खुर्चीत बसवलं.

"वॉरंटी पुढं वाढवायची आहे," चीफसाब तिला हिंदीत म्हणाले.

तिनं बटणं दाबून बघितलं. "सॉरी सर. इस मॉडल को एक्स्टेंशन नै है. बनानेवाली कंपनीच बंद हो गई. पार्ट नै आते."

"पार्ट नको. गाडीला काही झालेलं नाही."

"वही सर. इसलिए वॉरंटी नै दे सकते."

चीफसाब काउंटरच्या काचेवर दोन्ही हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "पैसे लेलो. वॉरंटी मत देओ. बस तीन महिने को एक बार बुलाओ."

मुलीला कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली, मग काकूंकडे. मुलगी वाईट नव्हती. खरंच शोधत होती, पडद्यावर, कुठे असं काही आहे का ते. "सर, ऐसा ऑप्शन सिस्टम में नै है," ती शेवटी म्हणाली.

काकू म्हणाल्या, "मी बोलावते की. मी सांगत जाईन तीन महिने झाले म्हणून."

"तू घरातली," चीफसाब म्हणाले. "तुला मी नाही म्हणू शकतो."

आणि म्हणालेच. पुढच्या तीन महिन्यांनी काकू उशा ठेवून, गाडी पुसून तयार झाल्या. गल्लीतल्या कारागिराकडे नेऊ म्हणाल्या. चीफसाबांनी कूस बदलली. त्याच्या पुढच्या खेपेला काकूंनी नुसतंच चक्कर मारून येऊ म्हटलं. मीही सांगून पाहिलं, माझ्या ऑफिसात येऊन मुलांना ड्रॉइंग शिकवा म्हणून थापही मारली. त्यांनी ओळखली. पुढे जी काही वर्षं ते राहिले ती त्या खोलीत. मी जायची, पेपर वाचून दाखवायची. जोडाक्षराला अडखळले तरी ते काही बोलत नसत.

गाडी अंगणात उभी राहून टपाचं कापड विटायला लागलं तेव्हा काकूंनी ती विकायला काढली. घेणारा एक कॉम्प्युटरवाला मुलगा होता, नुकताच अमेरिकेला जाऊन आलेला. चीफसाब आपणहून बाहेर आले, त्या दिवशी तेवढे आले. मुलानं नम्रपणे विचारलं, "अंकल, गाडी में कुछ प्रॉब्लेम तो नै ना?"

"गाडीत काही नाही," चीफसाब म्हणाले. त्यांनी बोनेटवरून एकदा तळहात फिरवला आणि फाटकाच्या खांबाला धरून बाजूला झाले.

मुलानं गाडी बाहेर काढली आणि डावीकडे वळवली. नेमकी त्याच वेळी दुसरी कुठलीशी मोटार घरासमोरून उजवीकडे गेली, जोरात, हॉर्न देत, आमच्या गाडीचा आवाज बुडवत. चीफसाबांनी तिच्या आवाजाकडे तोंड केलं आणि हात वर करून हलवायला लागले.

मी काही बोलणार तोच काकूंनी माझं मनगट धरलं. ती मोटार चौकापलीकडे जाऊन तिचा आवाज पुरता विरेपर्यंत चीफसाब तिला निरोप देत राहिले, आणि आम्ही दोघी त्यांच्या मागे तशाच उभ्या राहिलो.